जंतू मेले, पेशींचं काय?

पीएच.डी.साठी यवतमाळात मी जे रेझिन बनवत होते, ते सॅलिसिलिक आम्ल, मेलामाइन आणि फॉर्मल्डिहाइडचं. ऑइल बाथमध्ये तासन्‌तास तापवायचं, गरम पाण्यानं धुवायचं, कॉस्टिक सोड्यात विरघळवून आम्लानं पुन्हा साका पाडायचा, शेवटी ईथरनं उरलंसुरलं काढायचं. जंतूंवर ते चाललं. स्टॅफिलोकॉकस वाढवलेल्या ताटलीत रेझिनभोवती स्वच्छ कडं उमटलं. जखमेच्या पट्टीत उपयोगी पडेल, असं प्रबंधात लिहायला मी उतावीळ झाले होते. सरांनी कच्चा मसुदा वाचून विचारलं, "जंतू मेले, ठीक. त्याच जखमेत नवी कातडी धरणाऱ्या पेशींचं काय?"

त्याचं उत्तर यवतमाळात मिळण्यासारखं नव्हतं. नमुने घेऊन धामणगाव स्टेशनवरून पुणे गाठलं. तिथल्या एका प्रयोगशाळेत एल-929 पेशी होत्या, राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या पेशीभांडारातून आणलेल्या. हा उंदराच्या संयोजी ऊतीचा वंश 1940च्या दशकापासून काचेत वाढतो आहे. 37 अंश तापमान, हवेत 5 टक्के कार्बन डायऑक्साइड आणि वासराच्या रक्तरसाचं (सीरम) खाद्य, हे सगळं वेळच्या वेळी मिळालं तरच त्या धड राहतात.

मला वाटलं होतं, भुकटी थेट पेशींवर टाकायची. पण आयएसओ 10993-5 या मानकाप्रमाणे आम्ही अर्काचा रस्ता धरला. एका मिलिलिटर पोषकद्रवात 0.2 ग्रॅम भुकटी 24 तास 37 अंशांवर ठेवायची आणि गाळलेला द्रव पेशींना द्यायचा. इथे माझे डोळे उघडले. मोठी साखळी सहसा पेशीच्या आत शिरत नाही. जाच होतो तो साखळीत न गुंफलेल्या, मोकळ्या राहिलेल्या रेणूंचा. माझ्या बाबतीत तो संशयित फॉर्मल्डिहाइड होता.

96 खळग्यांच्या ताटलीत अर्काच्या वेगवेगळ्या मात्रा घातल्या. काहींत निरुपद्रवी म्हणून पॉलिथिनचा अर्क, तर काहींत जस्ताचं संयुग मिसळलेल्या पॉलियुरेथेनचा, जो पेशी मारतोच. दुसऱ्या दिवशी एमटीटी हा पिवळा रंग घातला. जिवंत पेशी त्याचे जांभळे स्फटिक करतात. ते विरघळवून 570 नॅनोमीटरवर रंगाची तीव्रता मोजायची. रेझिनचा स्वतःचा फिकट रंग जिवंतपणात मोजला जाऊ नये, म्हणून पेशी नसलेले, फक्त अर्काचे खळगेही ठेवले होते.

एकाच घाणीतली भुकटी मी दोन भागांत नेली होती, एक नुसती पाण्यानं धुतलेली, दुसरी साका आणि ईथर करून शुद्ध केलेली. पहिलीच्या दाट अर्कात खळगे फिकट राहिले. निम्न मर्यादा 70 टक्के जिवंतपणाची; त्याखाली गेलं की माल पेशींना घातक धरतात. दुसरी त्या मर्यादेच्या वर राहिली. रसायन तेच, नावही तेच, फरक धुण्याचा.

गावी बाबांना हे सांगत होते. 2017च्या हंगामात जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक माणसं गेली, तेव्हापासून आमच्या घरी फवारणीच्या औषधाचा कुठलाही डबा आला की बाबा आधी त्यावरचा, विषारीपणा सांगणारा रंगीत त्रिकोण पाहतात; हिरवा म्हणजे सगळ्यांत कमी विषारी. ते म्हणाले, "म्हणजे तुह्या भुकटीले हिरवा तिकोन भेटला म्हण ना. पण हिरव्याचंही फवारलं तं तोंड बांधाच लागते."

प्रबंधातलं ते वाक्य मी बदललं. पट्टीचा उल्लेख काढला. शुद्ध केलेल्या रेझिनचा अर्क अमुक मात्रेत, 24 तासांत, एल-929 पेशींना घातक ठरला नाही, एवढंच लिहिलं. कातडीची जळजळ, ॲलर्जी, रक्ताशी जुळणं, यांच्या चाचण्या वेगळ्या आहेत आणि त्या झाल्याशिवाय जखमेचं नाव घ्यायचा हक्क आम्हाला नाही.