चार्जिंगची गाडी

ताशी 25 किलोमीटरच्या पुढे ही विजेवरची स्कूटर पळत नाही. मोटर 250 वॉटच्या आत, म्हणून तिला ना पासिंग, ना नंबर, ना चालवणाऱ्याला लायसन. कळमनुरीच्या गल्ल्यांत तिला बायकांनी आधी जवळ केलं ते यामुळेच. लायसनसाठी हिंगोलीच्या चकरा मारायला जिला घरातून कुणी मोकळं सोडलं नसतं, ती अंगणवाडीची ताई आता पायाशी पिशवी ठेवून निघते. कुणाच्या मागे बसून नाही, स्वतः. मला या गाडीचं अप्रूप आहे ते एवढ्यासाठी.

स्वभावाने गरीब. आवाज नसल्याने माणसं बाजूला होत नाहीत, तर हॉर्न देत वाट काढते. पोट मात्र नाजूक. सीटखाली बारा-बारा व्होल्टच्या चार शिशाच्या बॅटऱ्या. भरायला दीडेक युनिट वीज आणि अख्खी रात्र. ओसरीतल्या बोर्डातून वायर ओढायची आणि चार्जरचा दिवा हिरवा होईस्तोवर हलवायचं नाही. रात्री लाईन गेली किंवा डीपी जळाली, की सकाळी ती अर्धपोटी. उन्हातून तापून आली तर आधी सावलीत निवू द्यावी लागते, नाहीतर बॅटरी लवकर बसते.

हिंगोली इथून वीसेक किलोमीटर. नवी असताना जाऊन येते. बॅटरी जुनी झाली की जाणं होतं, परतीचा भरवसा नाही.

राज्याच्या 2025च्या ईव्ही धोरणात राष्ट्रीय महामार्गांवर दर 25 किलोमीटरला चार्जिंग स्टेशन ठरलं आहे. एसटीची विजेवरची ‘शिवाई’ 1 जून 2022 रोजी पुणे-नगर धावली, बसगाड्यांसाठी डेपोत चार्जर बसू लागले. हे हवंच होतं. पण मोटारींच्या फास्ट चार्जरची जाड गन या गाडीला बसतच नाही. तिला पुरतो घरातला साधा थ्री-पिन प्लग. तो हिंगोलीच्या मोंढ्यात, एसटी स्टँडवर, दवाखान्याच्या पार्किंगमध्ये हवा, पैसे देऊन वापरता येईल असा. फुकट कुणी मागत नाही. बँक, बाजार, औषधं यांत दोन-तीन तास जातातच. तेवढ्या वेळात जुन्या बॅटरीतही परतीपुरती वीज भरते, आणि ताईंना हिंगोलीसाठी घरातल्या कुणाची मोटारसायकल मोकळी होण्याची वाट बघावी लागत नाही.