हेडसेटचा आवाज कुठे अडतो

यूएसबी हेडसेट जोडला की संगणकाला एक नवे, स्वतंत्र साउंड कार्ड मिळते, ही साधी गोष्ट लक्षात न घेतल्यामुळे लिनक्सवरील हेडसेटच्या बहुतेक तक्रारी अकारण गूढ वाटू लागतात. गोल पिनेच्या हेडफोनमध्ये आवाजाचे अंकांत आणि अंकांचे आवाजात रूपांतर करणारी चिप मदरबोर्डवर असते. यूएसबी हेडसेटमध्ये मात्र तीच चिप वायरीवरच्या छोट्या डबीत किंवा कानावरच्या कपात बसवलेली असते, आणि संगणकाकडून तिच्याकडे जातात ते केवळ अंक. परिणामी संगणकात एकाच वेळी दोन आणि मॉनिटर एचडीएमआय केबलने जोडलेला असल्यास तीन साउंड कार्डे नांदू लागतात, आणि त्यांपैकी कोणते वापरायचे याचा निर्णय एका ठिकाणी न होता कर्नल, साउंड सर्व्हर आणि ब्राउझर अशा तीन ठिकाणी, एकमेकांना न विचारता, होत असतो.

पुढे दिलेला अनुभव अहिल्यानगर जिल्ह्यातील आहे, आणि तेथील वकिलांच्या कार्यालयांत हा प्रश्न नेमका का उद्भवतो, याला न्यायव्यवस्थेतील बदलांची पार्श्वभूमी आहे. साक्षीपुरावा व्हिडिओ कॉन्फरन्सिंगद्वारे नोंदवता येतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई या खटल्यात दिला होता. परंतु तालुक्याच्या वकिलाच्या टेबलावर हेडसेट आला तो ६ एप्रिल २०२० रोजी त्याच न्यायालयाने महासाथीच्या काळातील दूरस्थ सुनावण्यांविषयी दिलेल्या आदेशानंतर. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३० ने इलेक्ट्रॉनिक माध्यमातून कामकाज चालवण्यास कायद्याचे अधिष्ठान दिले. हा जिल्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या अधिकारक्षेत्रात येतो, त्यामुळे अकोले किंवा जामखेडसारख्या टोकाच्या तालुक्यातून खंडपीठाचे ठिकाण असलेले छत्रपती संभाजीनगर गाठण्याचा दिवसभराचा प्रवास एका चांगल्या मायक्रोफोनने वाचू शकतो. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने जिल्हा व तालुका न्यायालयांच्या संगणकांसाठी लिनक्सची उबुंटू ही आवृत्ती स्वीकारल्यामुळे लिनक्सचे नावही येथील वकीलवर्गाला अपरिचित राहिलेले नाही.

येथे विचारात घेतलेला अनुभव अशाच एका तालुक्याच्या गावातील वकिलाच्या कार्यालयातील आहे. जुन्या इमारतीतील वायरिंगला अर्थिंग नीट नसल्याने गोल पिनेच्या हेडफोनमध्ये सतत घुमणारा आवाज येई आणि म्हणून यूएसबी हेडसेट घेण्यात आला. चिप मदरबोर्डपासून दूर गेल्यामुळे घुमणे थांबले. पण नव्या तक्रारी सुरू झाल्या. आवाज मध्येच तडतडत असे, दोन मिनिटे शांतता राहिल्यानंतर बोलणाऱ्याचे पहिले अक्षर गिळले जाई, वीज जाऊन आल्यावर हेडसेट नाहीसा होई, आणि सर्वांत वाईट म्हणजे समोरच्यांचे बोलणे स्वच्छ ऐकू येत असताना वकिलांचे बोलणे तिकडे पोचतच नसे. लिनक्सवर हेडसेट चालत नाही, विंडोज टाकून घ्या, हा दुकानातून मिळालेला सल्ला प्रचलित असला तरी निराधार आहे. यूएसबीवरून ध्वनी कसा पाठवायचा याचे सर्वमान्य मानक १९९८ साली ठरले असून ते पाळणाऱ्या प्रत्येक हेडसेटसाठी लागणारा ड्रायव्हर, म्हणजे उपकरणाशी बोलणारा प्रोग्रामचा भाग, लिनक्सच्या कर्नलसोबतच येतो. कर्नल म्हणजे प्रणालीचा तो गाभा, जो यंत्रसामग्री आणि इतर सर्व प्रोग्राम यांच्यामध्ये उभा असतो.

तपासाची दिशा खालून वर असावी, हा नियम येथे उपयोगी पडला. सर्वांत तळाशी वायर आणि पोर्ट. यूएसबी उपकरणांची यादी देणाऱ्या ‘एलएसयूएसबी’ या आज्ञेने हेडसेट दिसत होता, परंतु कर्नलच्या नोंदी वाचणाऱ्या ‘डीमेसेज’ या आज्ञेने तो मधूनमधून तुटून पुन्हा जोडला जात असल्याचे दाखवले. त्याच पोर्टमध्ये पेन ड्राइव्ह विनातक्रार चालतो, सबब पोर्ट निर्दोष आहे, असा युक्तिवाद यावर करण्यात आला, आणि तो वरकरणी बिनतोड वाटतो. तो टिकत नाही, कारण दोन्ही उपकरणे यूएसबीचा वापर वेगळ्या रीतीने करतात. पेन ड्राइव्हकडे जाणारी माहिती रजिस्टर टपालासारखी असते. पोच मिळाली नाही तर ती पुन्हा पाठवली जाते. ध्वनी मात्र समकालिक पद्धतीने जातो, म्हणजे दर मिलिसेकंदाला ठरलेला हिस्सा पुढे सरकतो आणि जे हरवले ते हरवले. सेकंदाला ४८,००० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा आणि डावा-उजवा असे दोन प्रवाह धरले तर हा हिस्सा १९२ बाइटांचा होतो. एवढीशी माहिती वेळेवर न पोचल्यास ती पुन्हा मागवण्याची सोय नाही, कारण उशिरा आलेला आवाज निरुपयोगीच. कॅबिनेटच्या दर्शनी भागातील पोर्ट आतल्या बारीक वायरीने मदरबोर्डला जोडलेला असतो. हेडसेट मागच्या, थेट मदरबोर्डवरील पोर्टमध्ये लावताच तडतड आणि तुटणे दोन्ही थांबले.

त्याच्या वरची पातळी आल्साची. आल्सा ही कर्नलमधील ध्वनिव्यवस्था यारोस्लाव किसेला यांनी १९९८ च्या सुमारास सुरू केली आणि २००३ अखेरच्या कर्नलच्या २.६ आवृत्तीपासून तिने जुन्या व्यवस्थेची जागा घेतली. आल्सा प्रत्येक कार्डाला क्रमांक देते, पण तो क्रमांक कार्ड सापडण्याच्या क्रमावर अवलंबून असतो. ही बाब निरुपद्रवी वाटते. भारनियमनाच्या गावात ती तशी राहत नाही. वीज गेली, इन्व्हर्टरने मान टाकली, संगणक पुन्हा सुरू झाला आणि या वेळी एचडीएमआयचे कार्ड आधी सापडले, तर कालचा १ क्रमांकाचा हेडसेट आज २ क्रमांकाचा होतो. या संगणकावर कुणीतरी जुन्या सल्ल्यावरून वापरकर्त्याच्या फोल्डरमध्ये आल्साची एक लपलेली फाइल तयार करून ‘कार्ड १’ असे कायमचे लिहून ठेवले होते. श्रुतलेखनाचा एक प्रोग्राम त्या फाइलप्रमाणे थेट कार्ड धरून बसे. क्रमांक जुळले की हेडसेट इतरांसाठी व्यस्त, आणि क्रमांक बदलले की त्या प्रोग्रामचा आवाज मॉनिटरकडे, अशी दुहेरी पंचाईत होत होती. ती फाइल काढून टाकणे एवढाच उपाय होता, आणि जिथे कार्ड सांगणे अटळच असेल तिथे क्रमांकाऐवजी नाव लिहावे. अशा फाइली वर्षानुवर्षे एका संगणकावरून दुसऱ्यावर जातात आणि लिहिणाऱ्याचा हेतू मागे उरत नाही.

गुंतागुंतीची खरी जागा म्हणजे साउंड सर्व्हर, अर्थात अनेक प्रोग्रामांचे आवाज एकत्र करून योग्य कार्डाकडे वळवणारा मध्यस्थ. २००४ पासून विकसित झालेला पल्सऑडिओ दीर्घकाळ हे काम करत होता. विम तायमन्स यांच्या पाइपवायरने ती जागा घेण्यास सुरुवात केली ती २०२१ साली लिनक्सच्या फेडोरा ३४ या आवृत्तीपासून, तर उबुंटूने हा बदल २२.१० मध्ये केला. प्रस्तुत संगणकावर उबुंटू २२.०४ होती, आणि तिच्यात ध्वनीसाठी पल्सऑडिओ असूनही स्क्रीन दाखवण्यासाठी पाइपवायरही सोबत बसवलेला असतो. त्यामुळे एका काळासाठी लिहिलेला उपाय दुसऱ्या काळाच्या यंत्रणेवर लावला जाण्याचा धोका येथे सर्वाधिक. सगळे काढून पुन्हा बसवण्याची तर मुळीच गरज नव्हती. पल्सऑडिओमध्ये प्रत्येक कार्डाला ‘प्रोफाइल’ असते, म्हणजे ते कार्ड केवळ ऐकवण्यासाठी वापरायचे की ऐकवणे आणि टिपणे या दोन्हींसाठी, याची निवड. आणि एकदा केलेली निवड लक्षात ठेवली जाते. येथे केव्हातरी ‘केवळ आउटपुट’ ही निवड झालेली होती. मायक्रोफोन नादुरुस्त नव्हता, व्यवस्थेच्या लेखी तो अस्तित्वातच नव्हता. डेस्कटॉपची सेटिंग्ज खिडकी अशा वेळी माइक दाखवत नाही, पण का दाखवत नाही हेही सांगत नाही, आणि हा दोष वापरकर्त्याचा नसून रचनाकारांचा मानला पाहिजे. ‘पावूकंट्रोल’ या प्रोग्रामच्या शेवटच्या पानावर प्रोफाइल बदलताच वकिलांचा आवाज पलीकडे पोचला.

पहिले अक्षर गिळले जाण्याचे कारणही याच पातळीवर सापडले. कोणताही आवाज नसताना पल्सऑडिओ पाच सेकंदांनी कार्ड निजवतो, आणि काही हेडसेटांच्या चिपला जागे होण्यास क्षणभर लागतो. सूत्रसंचालनात हे खपून जाईल. ‘हरकत नाही’ या उत्तरातील पहिले अक्षर गेले तर मात्र कोर्टात अर्थच पालटण्याची भीती. निजवण्याचा हा विभाग पल्सऑडिओच्या सुरुवातीच्या फाइलमधून वगळल्यावर तक्रार मिटली. ब्राउझरच्या पातळीवर फारसे काही करावे लागले नाही. मायक्रोफोनची परवानगी देताना ‘डीफॉल्ट’ऐवजी हेडसेटचे नाव निवडणे पुरेसे झाले.

यानंतरही सुनावणीत एक तक्रार येत राहिली: वकील थांबले की पंख्याचा घरघराट वाढतो. ‘आल्सामिक्सर’मध्ये एफ ६ कळ दाबून हेडसेटचे कार्ड निवडल्यावर ध्वनिपातळीच्या पट्ट्यांशेजारी ‘ऑटो गेन कंट्रोल’ नावाचे एक बटण दिसले. बोलणे मंद झाले की माइकची संवेदनशीलता आपोआप वाढवणारी ही सोय चिपमध्येच असते, त्यामुळे वरच्या कोणत्याही खिडकीत तिचा पत्ता लागत नाही. ती असेपर्यंत प्रत्येक विरामात पंखा वर येई. एम कळ दाबून ती बंद केली, कारण भरल्या कोर्टात उलटतपासणी घेण्याची सवय असलेल्या आवाजाला तिची गरज नव्हती. उलट त्यासाठी माइकची पातळी निम्म्याच्याही खाली आणावी लागली.