गाळलेला शब्द

कल्याणला काही कामाने उतरलो आणि खिशात परतीच्या तिकिटाहून चार पैसे जास्त निघाले, की माझे पाय आपोआप जुन्या पुस्तकांकडे वळतात. ही सवय वाईट आहे, असे मला घरातून वारंवार सांगण्यात येते. गेल्या उन्हाळ्यात असेच एक पातळ, कडा दुमडलेले पुस्तक वीस रुपयांना घेऊन मी आसनगावला परतलो. इंग्रजी शब्दांची आणि उताऱ्यांच्या आकलनाची परीक्षा घेणारे ते पुस्तक चिनी विद्यार्थ्यांसाठी छापलेले होते. ते कल्याणच्या रस्त्यावर कसे येऊन पडले, हे विकणाऱ्यालाही सांगता येईना.

छापील मजकूर मी पुढे सवडीने वाचला. आधी डोळ्यांत भरल्या त्या पेन्सिलीच्या खुणा. कुणीतरी प्रत्येक अवघड इंग्रजी शब्दाच्या डोक्यावर इवलेसे चिनी अक्षर काढून ठेवले होते. आमची मुले दुसरे काय करतात? शब्दाच्या डोक्यावर बारीक मराठीत अर्थ लिहितात आणि तपासणीच्या आदल्या रात्री खोडरबर घेऊन बसतात. या मुलाने, किंवा मुलीने, पुसायचा कंटाळा केला होता एवढेच.

चिनी भाषा शिकलेल्या एका गृहस्थांची माझी ओळख आहे. त्यांना ते पुस्तक दाखवले तेव्हा ते म्हणाले, की चिनी मुलाचे हाल आपल्यापेक्षा अधिक आहेत. आपण स्टेशन, तिकीट, टेबल हे शब्द इंग्रजांकडून उचलून कधीच घरचे केले. पाचवीतल्या पोराला ते फुकटात मिळतात. चिनी माणूस परका शब्द सहसा तसाच घेत नाही, त्याचा अर्थ आपल्या भाषेत मांडतो. रेल्वेगाडीला तो जे म्हणतो त्याचा शब्दशः अर्थ होतो 'आगीची गाडी'. मी चमकलो. माझी आजी कसाऱ्याकडे जाणाऱ्या गाडीला आगगाडीच म्हणत असे!

आता माझी पात्रता सांगतो. मी मॅट्रिक. वस्तीशाळेत निमशिक्षक म्हणून लागलो आणि मास्तरकीतच राहिलो. तीन कादंबऱ्या लिहिल्या. संध्याकाळी ओट्यावर दहावीत इंग्रजीला अडकलेल्या मुलांना घेऊन बसतो. इंग्रजीत मी स्वतः पस्तीस गुणांनी सुटलो, आणि ते पस्तीस कसे मिळाले हे आजवर कुठे लिहिले नव्हते. अपठित उतारा आला की प्रश्नातला एखादा ठळक शब्द हेरायचा, तोच शब्द उताऱ्यात शोधायचा आणि ती ओळ जशीच्या तशी उचलून उत्तरात ठेवायची. उतारा कशाबद्दल होता हे मला त्या दिवशीही कळले नव्हते. गुण मात्र पुरे मिळाले. हीच विद्या मी पुढे कित्येक वर्षे मुलांना शिकवली आणि ती मुले पासही झाली.

त्या चिनी पुस्तकात ही चोरवाट बंद करणारा एक प्रकार होता. उताऱ्यातला दर सातवा शब्द गाळलेला. ओळ उचलायची सोयच नाही. आधीचे-पुढचे कळल्याखेरीज जागा भरत नाही. विल्सन टेलर नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी 1953 साली ही रीत मांडली. अपुरे वर्तुळ दिसले की मन ते पुरे करते, या तत्त्वावर ती उभारलेली. गंमत अशी, की टेलरसाहेबांना परीक्षा घ्यायची होती ती मजकुराची. वाचणाऱ्यांना जागा भरता आल्या नाहीत, तर लेखन अवघड ठरे. पुढे शिक्षकांनी तीच काठी विद्यार्थ्यांवर उगारली. (माझ्या कादंबऱ्यांवर हा प्रयोग करण्यास मी अद्याप धजलो नाही.)

मी उत्साहाच्या भरात असा एक उतारा तयार केला. मुलांच्या ओळखीचा विषय हवा, म्हणून धरणे घेतली. आमच्या शहापूर तालुक्यात तानसा आहे, भातसा आहे. तानसाचे पाणी 1892 पासून मुंबईला जाते. उताऱ्याचा शेवट मी थाटात केला होता: 'आम्हांला आमच्या धरणांचा अभिमान आहे.' त्यातला 'अवर' हा शब्द नेमका सातवा आला आणि गळला.

माहुलीच्या पायथ्याकडच्या पाड्यावरची एक ठाकराची मुलगी तेव्हा माझ्याकडे येत असे. मार्चमध्ये ती इंग्रजीत थोडक्या गुणांनी राहिली होती. जुलैच्या परीक्षेत निघाली नाही तर आईबाप तिला वीटभट्टीवर नेणार हे ठरलेलेच होते. घरी ठाकरी, शाळेत मराठी आणि परीक्षेला इंग्रजी, असा तिचा तीन मजल्यांचा जिना. तिने त्या जागी लिहिले, 'देअर'. आम्हांला त्यांच्या धरणांचा अभिमान आहे!

मी तांबडी फुली मारली. सर्वनामांत मुले गोंधळतात, त्यात नवल ते काय? पण बाकीच्या बहुतेक जागा तिने बिनचूक भरल्या होत्या.

"हे असं का लिहिलंस ग?"

"चुकलं का, सर?" तिने मान खाली घातली. मग बऱ्याच वेळाने म्हणाली, "आमच्या पाड्यावर टँकर येतो."

धरण उशाला नि कोरड घशाला, हे आमच्याकडे लहान पोरही म्हणते. मी उतारा लिहिताना ते सोयीस्कर विसरलो होतो.

त्या रात्री मी 'अवर' या तीन अक्षरांपाशी अडून बसलो. मराठीत आपण 'आपले' म्हणतो तेव्हा ऐकणाराही त्यात येतो. 'आमचे' म्हणतो तेव्हा तो बाहेर राहतो. इंग्रजी दोघांना एकाच शब्दात कोंबते. उत्तरेकडच्या चिनी बोलीतही हे दोन वेगळे शब्द आहेत, असे त्या गृहस्थांनी सांगितले होते. मुलांनी भलेमोठे शब्द पाठ करावेत म्हणून आम्ही घसा फोडतो, आणि या एवढ्याशा शब्दाचा अर्थ मला तरी सांगता आला असता काय? ते धरण आपले, की आमचे, की त्यांचे?

टेलरसाहेबांच्या हिशेबात गाळलेला शब्द हुबेहूब आला तरच गुण. दुसरे कित्येक परीक्षक जुळणारा शब्दही मान्य करतात. मी फुली खोडून तिला गुण दिला. पण दुसऱ्या दिवशी, वाचकहो, मी तिला काय सांगितले ठाऊक आहे? "पेपरात अशा ठिकाणी 'अवर' लिहायचं. तपासणाऱ्याला तुझा पाडा माहीत नसतो." तिने मान डोलावली आणि वहीत तो शब्द सुवाच्य अक्षरात पाच वेळा लिहिला. मला फार बरे वाटले नाही.

ती जुलैत सुटली. शहापूरला अकरावीत नाव घातले. निकालानंतर पिशवीत काकड्या घेऊन ती पेढ्यांऐवजी त्याच द्यायला आली. मी हातपाय धुऊन येईपर्यंत तिने ओट्यावरचे ते चिनी पुस्तक उघडले होते. पेन्सिलीच्या खुणांवरून बोट फिरवीत ती पानेच्या पाने उलटत होती.

"सर, ही मुलगी पास झाली का हो?"

"मुलगी कशावरून?"

"अक्षर बघा ना," ती म्हणाली आणि पुन्हा पान उलटू लागली.