माफीला पात्र

चिरनेर म्हटलें कीं दोन गोष्टी आठवतात. एक, २५ सप्टेंबर १९३० चा जंगल-सत्याग्रह व त्या दिवशींच्या गोळीबारांत पडलेले हुतात्मे. दुसरी, तेथील महागणपति. आम्हां पनवेलकरांना दुसरी अधिक जवळची. संकष्टीला तेथें जावें, देवळाबाहेर बसणाऱ्या एका मावशींकडून दुर्वा-नारळ घ्यावा, दोन रुपयांसाठीं थोडी घासाघीस करावी, हा माझा कित्येक वर्षांचा परिपाठ होता.

मार्च २०२० मध्यें टाळेबंदी आली आणि देवळें मिटलीं. तीं १६ नोव्हेंबरला उघडलीं. पुढल्या एप्रिलांत पुन्हा मिटलीं, तीं ७ ऑक्टोबर २०२१ रोजीं, घटस्थापनेला उघडलीं.

हा सारा काळ मी कामांत बुडालों होतों. कारण माझा व्यवसाय करसल्लागाराचा. लहान उद्योगांना जुन्या कर्जाच्या वीस टक्के नवें कर्ज, तेंहि तारणावांचून व सरकारच्या हमीवर. वस्तु व सेवा कराच्या विवरणपत्रास उशीर झाल्यास विलंबशुल्क माफ. कर्जाच्या हप्त्यांना आधीं तीन व मग आणखी तीन महिने स्थगिती. माझ्या एकाहि अशिलाची सवलत मीं चुकूं दिली नाहीं, आणि त्याचा मला अभिमानहि होता.

देऊळ उघडल्यानंतरच्या संकष्टीला चिरनेरला गेलों. मावशी जागेवर होत्या. सहज विचारलें, "मावशी, सरकारची कांहीं मदत मिळाली कीं नाहीं?" आणि उत्साहानें सारी यादी सांगितली. त्यांनीं ती शांतपणें ऐकली व म्हणाल्या, "भाऊ, कर भरला असता तर माफ झाला असता. कर्ज असतं तर हप्ता थांबला असता. आमचं थांबलं ते गिऱ्हाईक. चूल चालली ती वाण्याच्या उधारीवर."

मी गप्प झालों. वस्तु विकणाऱ्याची वार्षिक उलाढाल चाळीस लाखांच्या आंत असेल तर सहसा त्याला नोंदणी लागत नाहीं. ही सूट लहानाच्या सोयीसाठींच ठेवलेली. पण संकटांत तीच भिंत झाली. ज्याची नोंद नाहीं त्याला माफ तरी काय करणार? सरकारला फेरीवाले दिसले नाहींत असें नव्हे. जून २०२० मध्यें त्यांच्यासाठीं दहा हजारांच्या कर्जाची योजना निघाली. परंतु ती शहरांतल्या व शहरालगतच्या विक्रेत्यांसाठीं, नगरसंस्थेच्या कागदावर. २०२१ मध्यें राज्यानें दीड हजार रुपये जाहीर केले, ते नोंदणीकृत फेरीवाल्यांना. मावशींच्या पाटीचें नांव कोणत्याच दप्तरांत नव्हतें.

"वाण्यानें व्याज किती लावलें?" मीं विचारलें. त्या हंसल्या. "व्याज कसलं? त्याचीच उधारी वर तुंबलेली."

स्थगितीच्या काळांतील व्याजावर पुन्हा व्याज घेऊं नये, हें बँकांना सांगण्यासाठीं मार्च २०२१ मध्यें सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. त्या वाण्याला तें कोणी सांगावें लागलें नव्हतें. आणि त्यालाहि कुठल्या सवलतीचा आधार नव्हता.

मीं दुर्वा घेतल्या, नारळ घेतला. नेहमींचें वाक्य जिभेवर आलें आणि परत गेलें. मागितले तेवढे पैसे दिले. पण तेवढ्यानें हिशेब मिटला असें समजण्याइतका मी वाईट हिशेबनीस नाहीं.