अर्धी मात्रा उशिरा

गाण्याच्या बैठकीत मान कधी हलवायची, हे मी शेजाऱ्यांकडे बघून शिकलो. विलंबित एकतालात बारा मात्रांचं आवर्तन इतकं लांबतं की सम नेमकी कुठे पडणार, याचा मला पत्ता लागत नाही. पुढच्या रांगेतली दोन-तीन पिकली डोकी हलली की आपणही हलवायची, अर्धी मात्रा उशिरा. 'वा' त्याहून जोखमीचं. भलत्या जागी निघालं की मंडळी वळून बघतात. सवाई गंधर्व महोत्सवात अशा वळलेल्या माना मी पाहिल्या आहेत; पुण्यात त्या जरा सावकाश वळतात आणि जास्त वेळ तशाच राहतात.

याला मी अदब समजत असे. झाकली मूठ सव्वा लाखाची. "हा कोणता राग हो?" असं कुणी मोठ्याने विचारलं की मलाच लाज वाटे, जणू तो माझा गावाकडचा चुलतभाऊ.

मत फिरलं ते देशकारामुळे. भूप आणि देशकार, दोन्हींत सूर पाचच आणि तेच : सा, रे, ग, प, ध. भूपात वजन गंधारावर, देशकारात धैवतावर. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, देशकार सकाळचा. हे सगळं मला तोंडपाठ होतं. कानाला मात्र फरक कधी लागला नाही, आणि तोंडपाठ असल्यामुळे विचारायचीही सोय उरली नव्हती. सकाळच्या एका घरगुती बैठकीनंतर चहा चालू असताना एका शाळकरी मुलीने गायिकेला सरळ विचारलं, "मावशी, तुम्ही भूप गायलात ना?" हशा झाला. मीही हसलो. माझाही समज भूपच होता.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी तेच सूर दोनदा गुणगुणून दाखवले, एकदा गंधारावर विसावत, एकदा वर धैवताशी रेंगाळत. हसणारे सगळे एव्हाना कान टवकारून ऐकत होते. त्यांतल्या कितींना हा फरक आधी कळला होता, याची मला दाट शंका आहे. मी मात्र तो त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला, त्या मुलीच्या जिवावर.

रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात पहिला समास मूर्खांना दिला आणि दहावा पढतमूर्खांना. पहिला वाचताना ओळखीची माणसं डोळ्यांपुढे येतात, म्हणून तो मजेत वाचून होतो. दहावा मी नुसता चाळला होता. इतकी वर्षं गाण्याला जाऊन मी पुढच्या रांगेतली टकलं ऐकून घरी येत होतो, हे तेव्हा कुठे ध्यानात येणार?

सगळंच अज्ञान गोड असतं असं मात्र मी म्हणणार नाही. आलापी रंगात आलेली असताना मोबाइल उंच धरून चित्रण करणारा अजूनही माझ्या डोक्यात जातो.

पण आता मी विचारतो. परवा शेजारच्या आजोबांना हळूच विचारलं, तर ते ठामपणे म्हणाले, "मारवा." त्यांच्या पलीकडचे गृहस्थ म्हणाले, "छे हो, पूरिया." याही दोघांचे सूर तेच. वाद असा काही पेटला की मागच्या रांगेने आम्हा तिघांनाही गप्प बसवलं.