रिजेक्ट झालं नाही, म्हणजे खरं ठरलं असं नाही

चि. सई,

‘पी-व्हॅल्यू ०.०५ पेक्षा कमी आली की रिजेक्ट, नाहीतर ॲक्सेप्ट’, हायपोथेसिस टेस्टिंगमधलं एवढंच डोक्यात राहिलं, असं तू परवा फोनवर म्हणालीस. त्यातला ‘ॲक्सेप्ट’ मला खटकला, म्हणून हे पत्र.

एक उदाहरण घे. ताप मोजताना आपण ज्याच्याशी ताडून बघतो तो ९८.६ हा आकडा जर्मनीतला. लाइपझिगचे डॉक्टर कार्ल वुंडरलिख यांनी हजारो रुग्णांच्या काखेत थर्मामीटर लावून नोंदी घेतल्या आणि १८६८ साली पुस्तक काढलं. निरोगी माणसाची सरासरी त्यांनी ३७ सेल्सिअस सांगितली. फॅरनहाइटमध्ये ती ९८.६ होते. १९९२ साली अमेरिकेत मॅकोवियाक आणि सहकाऱ्यांनी १४८ निरोगी प्रौढांच्या तोंडात थर्मामीटर ठेवून ७०० नोंदी घेतल्या. सरासरी भरली ९८.२. त्यांच्या आलेखावरून बनवलेला १३० नोंदींचा संच पुढे वर्गांत शिकवायला वापरला गेला. त्यात सरासरी ९८.२५, प्रमाण विचलन ०.७३.

आता विचार, सगळ्या निरोगी माणसांची सरासरी खरंच ९८.६ असेल, तर नमुन्यात ९८.२५ निव्वळ योगायोगाने येईल का? शितावरून भाताची परीक्षा होते, कारण पातेल्यातली शितं जवळपास सारखी शिजतात. माणसं तशी सारखी नसतात. म्हणून नमुन्याची सरासरी किती डळमळू शकते ते आधी काढायचं. ०.७३ ला १३० च्या वर्गमुळाने भाग, ०.०६४ येतं. ही प्रमाण त्रुटी. आपला फरक ०.३५, म्हणजे तिच्या साधारण साडेपाच पट. ९८.६ खरं असतं तर एवढा फरक दहा लाख नमुन्यांत एकदाही दिसणं मुश्किल. म्हणून ‘सरासरी ९८.६ आहे’ हे गृहीतक रिजेक्ट!

आता नोंदी फक्त १० धर आणि बाकी आकडे तेच ठेव. प्रमाण त्रुटी ०.२३ वर जाते, फरक तिच्या साधारण दीडपटच भरतो. टी-टेबलात १० वजा १, म्हणजे ९ च्या ओळीत, दोन्ही बाजू धरून ५ टक्क्यांना, तो निदान २.२६ पट लागतो. रिजेक्ट करता येत नाही. मग ९८.६ खरं ठरलं का? फरक तोच आहे, फक्त पुरावा तोकडा पडला. म्हणून ‘ॲक्सेप्ट’ न लिहिता ‘रिजेक्ट करता आलं नाही’ असं लिहायचं.

साडेपाचनेही हुरळून जाऊ नकोस. फरक आहे एवढंच ते सांगतं. तो मोठा आहे असं सांगत नाही. एकाच माणसाचं तापमान पहाटे आणि संध्याकाळी याहून जास्त बदलू शकतं. काख आणि तोंड, तेव्हाचं आणि आताचं थर्मामीटर, की माणसंच वेगळी, यातलं कारण कुठलं तेही टेस्ट सांगत नाही. शिवाय १४८ माणसांच्या ७०० नोंदी म्हणजे एकेकाच्या अनेक. अशा नोंदी एकमेकींपासून स्वतंत्र मानल्या, की प्रमाण त्रुटी खऱ्याहून लहान दिसते आणि आपण उगाच जास्त खात्रीने बोलतो.

तेव्हा उत्तराखाली ‘रिजेक्ट’ लिहून पेन खाली ठेवू नकोस. ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल काढ, इथे साधारण ९८.१२ ते ९८.३८, आणि शेजारी नोंदी कशा घेतल्या ते एका ओळीत लिही. परीक्षकाने त्याला गुण दिले नाहीत, तर माझ्याकडून घेऊन जा.

तुझा,
मामा