ओल

मराठी समीक्षेला ‘ओलावा’ फार प्रिय आहे. कवितेत तो असला की ती थोर, नसला की कोरडी. वर्गात मीही हा शब्द वर्षानुवर्षे सढळपणे वापरला. आमच्या बदलापूरच्या घरात मात्र ‘ओल’ म्हटले की आई पदर खोचून उठे.

तिचे वैर सिंकभोवतीच्या वीतभर जागेशी होते. आजीची चूल एका कोपऱ्यात आणि पाणी दूर मोरीत; आईच्या पिढीत दोन्ही एकाच कडप्प्याच्या ओट्यावर शेजारी येऊन बसले. भांडी झाली की ती सुक्या फडक्याने ओटा पुसायची. नळाचे बूड, सिंकची कड आणि भिंतीच्या टाइल्स ओट्याला टेकतात तो सांधा. तिथे तर बोट घालून. २६ जुलै २००५ रोजी उल्हास नदी घरात शिरली. पाणी ओसरले, चिखल उपसून झाला, आणि ही बाई पुन्हा तोच सांधा पुसते आहे हे पाहून मला हसू आले. पूर येतो आणि जातो, हे पाणी रोजचे आहे, अशा अर्थाचे काहीतरी ती म्हणाली.

२०१९ साली ती गेली. ओट्याखाली तिने मोकळी फळी आणि पडदा ठेवला होता. तो मला गबाळा वाटे. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून मी प्लायवूडचे बंद कपाट आणून बसवले. दोन पावसाळ्यांत प्लाय फुगले, दारे लागेनात, आत बुरशीचा वास. वर सिंकच्या कडेला कडप्प्याचे पापुद्रे सुटू लागले.

गवंड्याने सांध्यावरून नख फिरवले. पांढरे सिमेंट केसभर तडकले होते. कडप्पा हा थरांचा चुनखडक. फटीतून पाणी थरांत मुरते, आणि लिंबू-कोकम सांडले तर झिलईही जाते. (अंबरनाथचे शिवालय १०६० सालचे, इतके पावसाळे सोसून उभे, पण तो काळा बेसॉल्ट. दगडादगडांत फरक असतो.) त्याने जुने सिमेंट खरवडले, सांधा पूर्ण सुकेपर्यंत नळ बंद ठेवायला लावला आणि मग सिलिकॉन भरले, ते लवचीक, सिंक किंचित हलले तरी तडकत नाही. ओट्याच्या पुढच्या कडेखाली, आतल्या अंगाला त्याने एक बारीक खाच पाडली. कडेवरून ओघळलेले पाणी दगडाला चिकटून आत सरकते. खाचेपाशी ते तुटून खाली पडते. इतकी साधी गोष्ट मला पन्नाशीत कळली.

कपाटाचे काय, असे मी विचारले. ‘‘ते काढा, सर. वारा खेळू द्या. आधी इथे पडदा होता ना?’’

पडदा नवा शिवून घेतला. फडके सिंकवरच्या खिळ्याला टांगले आहे. काल रात्री भांडी झाल्यावर सांध्यातून बोट फिरवले. नळाच्या बुडाशी अजून ओल लागते.